कमळाचा आवाज

मोघे मॅडमनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण इथल्या मराठी मंडळाच्या सचिवांनी स्मरणिकेसाठी एक पान मागितलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "सुमनताई, तुमचे आणि मॅडमचे संबंध फार गोड होते, पोशाखांवर दोन शब्द लिहा." संबंध गोड नव्हते. पोशाखांवर मी लिहीन, पण ते दोन शब्दांत मावणार नाही. सचिवांनी शुद्धलेखन खुशाल सुधारावं. मजकुराला हात लावू नये.

नया बाज़ारात माझं पोशाखांचं दुकान आहे. शाळांच्या कार्यक्रमांना लागणारे कृष्ण, झाशीची राणी, मोर, टमाटे, सगळं मी भाड्याने देते. सुरुवात घरातल्या एका पिवळ्या चादरीपासून झाली. तिचं मी शेजारच्या मुलासाठी पितांबर केलं, आणि त्या पितांबरानेच पुढची चार वर्षं आमच्या घरात डाळ शिजवली. आज मुरारपर्यंतच्या शाळा माझ्याकडे येतात. भाव करण्यात मला आमच्या लश्कर भागात कुणी हरवलं नव्हतं. मॅडमनी हरवलं, तेही एक पैसा न वापरता.

मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. काटकुळ्या, पाठ फळीसारखी सरळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्या अंबाड्यात कधी फूल नसायचं. हळदीकुंकवाला कुणी गजरा पुढे केला की म्हणायच्या, "तोडलेलं फूल म्हणजे मुडदा. मी मुडदा डोक्यावर घेत नाही." ज्या बायकांनी आधीच माळलेला असे, त्या उरलेला वेळ डोकं हलवायच्या नाहीत. नवी साडी नेसून आलेल्या बाईला त्या नखशिखांत बघत आणि साडीऐवजी तब्येतीची चौकशी करत. कुणाला दुखवायचं तर आवाज चढवावा लागतो अशी माझी समजूत होती. ती मॅडमनी मोडली.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा हातात फोन होता आणि फोनवर एक जपानी कार्टून थांबवलेलं होतं. शाळेत जाणाऱ्या पाच मुली. प्रत्येकीकडे एक बी. गावावर अंधार चालून आला की मुली बी मुठीत धरतात, ती उमलते, आणि मुलीच्या अंगावर त्या फुलाचा पोशाख येतो. मग त्या लढतात. आमच्याकडच्या लहान मुली ती मालिका हिंदीतून बघायच्या. मॅडमना हिंदी डबिंग आवडत नसे. त्यांच्या मते त्यात कमळाची मुलगी भाजीवालीसारखी बोलायची.

मी त्यांना माझ्याकडचा परीचा पोशाख दाखवला. गुलाबी सॅटिन, कमरेला पाकळ्या. मॅडमनी चष्मा वर केला, पाकळ्या मोजल्या आणि विचारलं की हे कोणतं फूल. मी म्हणाले, जे तुम्ही म्हणाल ते. त्यांनी काउंटरवरची कात्री उचलली आणि एक पाकळी कापून टाकली. "आता जास्वंद म्हणता येईल," त्या म्हणाल्या. "जपान्यांनी चित्रातसुद्धा पाकळ्या चुकवल्या नाहीत, आणि तुम्ही कापडात चुकवता." पोशाख माझा होता. मी इतकी चकित झाले की भांडायचं राहून गेलं. आयुष्यात असं दोनदाच झालं. दुसरी वेळ पुढे येते.

त्यांना गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर ती गोष्ट मराठीत करायची होती. पाच मुली, पाच पोशाख, आणि मंडळ पोशाखांना काही देणार नव्हतं. मी हिशेब केला. माझी गौरी तेव्हा दहा वर्षांची. मंडळाच्या मंचावर आमच्यासारख्यांच्या मुली नेहमी झाडं व्हायच्या. आमचे लोक शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले, मॅडमचे दफ्तरात आणि देवळात. आता सगळे एकाच हॉलमध्ये आरती म्हणतात, पण झाड कोण होणार हे ठरलेलं असतं. मी स्वतः लहानपणी तीन वर्षं झाड होते.

मी म्हणाले, पाचही पोशाख फुकट शिवून देते. कमळाचा पोशाख माझ्या मुलीच्या अंगावर हवा. पूर्ण नाटकभर ती मधोमध उभी राहील. शेवटी पहिला हार तिच्या गळ्यात. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. "अजून काही?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बस. त्या म्हणाल्या, "ठरलं. मोघ्यांचा शब्द आहे." मी घरी जाताना रबडी घेऊन गेले.

तालमी शिंदे की छावनीत, मॅडमच्या घरी व्हायच्या. मी मापं घ्यायला जात असे, म्हणून बरंचसं डोळ्यांनी पाहिलं. मला चहा कान तुटलेल्या कपात मिळायचा. दर वेळी तोच कप. एकदा मी मुद्दाम शेल्फवरचा चांगला कप उचलला, तर मॅडम म्हणाल्या, "तो राहू द्या, तुम्हाला याची सवय झालीय."

पहिल्या दिवशी त्यांनी मुलींना फुलं वाटली. ती नुसती वाटणी नव्हती, निकाल होता. एकीला म्हणाल्या, तू शेवंती, कारण तुझ्याकडे कुणी वळून बघत नाही. एका जाड मुलीला म्हणाल्या, तुला कोबीचं फूल दिलं असतं, पण गोष्टीत ते नाही, म्हणून जास्वंद. त्या मुलीची आई तिथेच बसली होती. ती हसली. मोठ्या माणसांनाही फुलं मिळायची. मंडळाचे अध्यक्ष गाजरगवत. मी घाणेरी. "वाईट वाटून घेऊ नका," त्या मला म्हणाल्या. "दिसायला सुंदर असते. फक्त हात लावू नये." स्वतः कोणतं फूल, हे एका मुलीने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मी फूल नाही. मी माळी."

त्यांच्या बैठकीत कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. ज्या मुलीचं वाक्य चुकेल तिने तिथे जाऊन मान खाली घालून बसायचं. त्या मालिकेत वचन मोडणारी मुलगी कोमेजते, त्यावरून हे काढलेलं. "तू कोमेजलीस," एवढंच मॅडम म्हणायच्या, आणि मुलगी निमूटपणे उठायची. एकदा शेवंती त्या स्टुलावर बसल्याबसल्या रडायला लागली. मॅडम म्हणाल्या, "पाणी मुळाला घालायचं असतं. गालाला घालून उपयोग नाही." बाकीच्या मुली हसल्या. त्यांत गौरीही होती. मुली दुसरीची पाळी आली की किती मोकळ्या हसतात हे तिथे कळायचं.

गौरी मात्र त्या स्टुलावर कधी बसली नाही. हे मी आई म्हणून सांगत नाही. भोंडल्याला अजून वेळ होता म्हणा, पण एके दिवशी मॅडमनी मुलींना पाटाभोवती फेर धरायला लावला होता. पाटावर हत्ती नव्हता, पाच फुलं काढली होती. एका आजीबाईंनी हत्तीबद्दल विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हत्ती हवा असेल तर तुम्ही मध्ये बसा." शेवटी त्यांनी डबा वाजवला आणि खिरापत ओळखायला सांगितली. जी चुकेल तिला मिळणार नव्हती. चौघी चुकल्या. गौरीने नुसता डबा हलवला, कान लावला आणि म्हणाली, भिजवलेले शेंगदाणे, मीठ नाही. बरोबर होतं. मॅडमनी अख्खा डबा तिच्यासमोर ठेवला आणि बाकीच्यांसमोर तिला एकटीला खायला लावलं. गौरीला संपेनात. मॅडम म्हणाल्या, "जिंकलीस ना? मग खा."

मग आवाज भरायचं ठरलं. हॉलमधला माइक एकच, आणि तोही घरघरणारा, म्हणून वाक्यं आधी फोनवर भरून घ्यायची आणि मंचावर मुलींनी ओठ हलवायचे. घरात आवाज घुमतो म्हणून मॅडम मुलीला आपल्या कपड्यांच्या कपाटात उभं करायच्या. पैठण्या, चंदेरी, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि त्यात माझी पोरगी फोन धरून. दार लोटलेलं. बाहेर मॅडम खुर्चीवर.

कमळाचं वाक्य होतं, "मी उमलते आहे. अंधारा, वाट सोड." गौरी पहिल्यांदा म्हणाली, "मी उमलून राहिलीये." आमच्याकडे असंच बोलतात. मॅडम कपाटाबाहेरून म्हणाल्या, "राहिलीस? कुठे? भाड्याने?" मला वाटलं पोरगी रडेल. कपाटातून हसू आलं. मग गौरीने ते वाक्य पुन्हा म्हटलं, आणि त्या बैठकीत मापाची पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. ती ओरडली नव्हती. ती कुणालातरी खरोखर वाट सोडायला सांगत होती. मला क्षणभर वाटलं आपणच बाजूला व्हावं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. ज्या बाईला प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलायचं असे, ती गप्प बसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बरेच दिवस गौरी त्या कपाटात जात होती. घरी येऊन माझी भाषा सुधारायची. "आई, माझेको नाही, मला." मला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदमच. तिच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि ती ते धुवायला देत नसे.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. कमळाचा पोशाख मी हाताने शिवला होता, आठ पाकळ्या बाहेर, आठ आत, मॅडमनी मोजून घेतलेल्या. पडदा उघडला. चारही मुली आपापली वाक्यं बोलल्या, म्हणजे त्यांनी ओठ हलवले आणि त्यांचेच आवाज आले. मग संगीत थांबलं. गौरी मधोमध आली, मूठ वर केली, तोंड उघडलं.

आवाज दुसऱ्याच मुलीचा आला.

बारीक, शहरी, गुळगुळीत आवाज. "मी उमलते आहे. अंधारा, वाट सोड." शब्द सगळे बरोबर. गौरीने तोंड मिटलं. आवाज तिच्याशिवाय पुढे बोलत राहिला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. गौरी विंगेकडे बघत होती, जिथे मॅडम उभ्या होत्या. मॅडमनी हाताने एवढंच दाखवलं, चालू ठेव. आणि माझ्या पोरीने चालू ठेवलं. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि त्या परक्या आवाजावर ओठ हलवत अख्खं नाटक पुरं केलं. एकही वाक्य चुकलं नाही. ती मंचावरून पळाली असती तर बरं झालं असतं.

टाळ्या झाल्या. पहिला हार गौरीच्या गळ्यात पडला. पडद्यामागे मी मॅडमसमोर उभी राहिले. मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. मॅडमनी मला संपवू दिलं. मग म्हणाल्या, "पोशाख मागितलात, दिला. मधली जागा मागितलीत, दिली. पहिला हार मागितलात, तो तिच्या गळ्यात आहे. आवाज तुम्ही मागितला नव्हतात. मी विचारलं होतं, अजून काही?"

भांडायचं राहून गेलेली ही दुसरी वेळ.

"कुणाचा आहे तो आवाज?" मी विचारलं.

"ईराचा. माझी नात. पुण्याहून पाठवला."

गौरी आमच्यामध्ये उभी होती, हार घालून. मॅडम तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "त्या जपानी मुलीला तरी स्वतःचा आवाज कुठे असतो? तिच्याही मागून दुसरंच कुणी बोलतं. तू काम नीट केलंस."

गौरीने हार काढून त्यांच्या हातात दिला. "ये भी उसीको भेज दो," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती मराठी बोलत नाही. आता ती दहावीला आहे. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. फोनवर कुणी आवाज पाठव म्हटलं तर लिहून पाठवते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ओठ हलवते, हे तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं.

ईराबद्दल मला नंतर सगळं कळलं. ती लहानपणी दर उन्हाळ्यात इथे यायची, आजीच्या मांडीवर बसून ती मालिका बघायची. मग मॅडमचं आणि त्यांच्या मुलाचं, म्हणजे ईराच्या वडिलांचं, वाजलं आणि येणं बंद झालं. तरी काही काळ दोघी फोन कानाला लावून, एकदमच बटण दाबून, इथे आणि तिथे एकच भाग बघायच्या. मग तेही थांबलं. मुलगी मोठी झाली. मॅडमना तो आवाज हॉलमध्ये, लोकांसमोर, एकदा ऐकायचा होता. मला हे समजतं. समजलं म्हणून माफ करावं असा काही नियम नाही. त्यांना नात हवी होती, तर त्यांनी आपल्या मुलाशी जमवून घ्यायचं होतं. माझ्या मुलीच्या तोंडाचा वापर करायचा नव्हता.

गेल्या वर्षी मॅडमना पुण्याला नेणार असं कळलं. पाय चालत नव्हते. मी स्टेशनवर गेले. दुकान नोकरावर सोडून गेले, जे मी एरवी कधीच करत नाही. मॅडम बाकावर बसल्या होत्या, पाठ अजून फळीसारखी. मुलगा सामानाचं बघत होता.

"आलात," त्या म्हणाल्या. "घाणेरी कुठेही उगवते."

मी म्हणाले, गौरीचा आवाज द्या. कपाटात भरलेला. तिला ऐकवायचा आहे. तिला आता वाटतं की तो वाईटच असणार, म्हणून काढला.

मॅडमनी मांडीवरच्या पर्सवर हात ठेवला. "आहे. मी रोज ऐकते."

"वाईट होता का?"

"वाईट असता तर ठेवला असता नाटकात. गौरीचा ऐकल्यावर ईराचा कुणी ऐकला नसता."

मी विचारलं, हे एक वाक्य त्या दिवशी पोरीसमोर का नाही बोललात?

"तुम्ही भाव वाढवला असता."

"आणि ईराने? तिला पाठवलं होतंत ना नाटक?"

"अंगठा पाठवला," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं, सगळं पाहिलंस का. त्यावरही अंगठा."

मी पुन्हा म्हणाले, द्या. त्या माझ्याकडे अगदी शांतपणे बघत म्हणाल्या, "बदल्यात काय आणलंय?" मी रिकाम्या हाताने गेले होते. आयुष्यभर मी कुठल्याही सौद्याला रिकाम्या हाताने गेले नाही, आणि त्या दिवशी गेले. द्यायला काही नव्हतं म्हणून जे होतं ते दिलं. मी म्हणाले, तुमची नात तुम्हाला फोन करत नाही यात तिची काही चूक नाही. मॅडमनी मान हलवली, जणू भाव पटला. पर्स उघडली नाही.

गाडी आली. मुलाने त्यांना खिडकीशी बसवलं. मी जागची हलले नाही. गाडी सुटायच्या आधी त्यांनी पर्समधून फोन काढला, कानाला लावला आणि डोळे मिटले. त्या बोलत नव्हत्या, ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलायला लागले. काचेतून मला काहीच ऐकू आलं नाही, पण ते ओठ मी ओळखले. मी उमलते आहे. अंधारा, वाट सोड. एक-एक शब्द, बरोबर वेळेवर. गाडी हलली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्या गेल्याची बातमी मंडळाच्या ग्रुपवर आली. त्याखाली हात जोडलेले आणि फुलांची चित्रं. हॉलमध्ये फोटो लावला आहे, त्याला मोगऱ्याचा जाड हार घातला आहे. मी शोकसभेत तो हार बघत बसले. मुडदे, मॅडम. तुमच्या गळ्यात. कुणाला आठवलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही.

पण तेवढ्याने माझं भागत नाही. मॅडमच्या मुलाला मी फोन केला. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, आईचा फोन बहुतेक रिकामा करून कुणालातरी देऊन टाकला, बघून सांगतो. नंतर त्याने उचलला नाही.

म्हणून इथे लिहिते, कारण ही स्मरणिका त्याच्याकडे जाणार आहे आणि इथल्या प्रत्येक घरात जाणार आहे. तो फोन रिकामा केला असेल तर कुणी केला, त्याने नाव सांगावं. केला नसेल तर माझ्या मुलीचा आवाज परत पाठवावा. ईरा, तू आता मोठी झाली असशील. तुझ्या आवाजाखाली कुणाचा आवाज पुरला होता हे तुला कुणी सांगितलं होतं का, तेही मला लिहून कळव. अंगठा चालणार नाही. आणि मंडळातल्या ज्या लोकांनी त्या दिवशी गौरीचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालू असलेला पाहिला, आधी हसले, मग टाळ्या वाजवल्या, त्यांनी मॅडमवर गौरवाची पानं लिहिण्याआधी मला सांगावं की ते का हसले.

कुणीतरी उत्तर द्या. दुकान सकाळी दहाला उघडतं.